त्रेपन्नावरून एकोणिसावर

मूलच्या बाजारात नव्या धानाची आवक सुरू झाली की बँकेच्या काउंटरवर चिल्लरसाठी ओरड होते. आयुष्यातली बरीच वर्षे अशा रोखीच्या हिशेबात गेल्यामुळे गणितातला एक जुना प्रश्न मला नोटांच्या भाषेतच समजतो.

समजा, सरकारने फक्त १, १६, ८१, २५६, ६२५ अशाच नोटा छापायच्या ठरवल्या. म्हणजे एक, दोन, तीन, चार, पाच हे आकडे चार-चार वेळा मांडून गुणले की येणाऱ्या रकमा, पुढेही तसेच. आता कोणी ७९ रुपये मागितले, तर ८१ ची नोट चालणार नाही. १६ च्या चार नोटांचे झाले ६४, वर एकेकाच्या १५. एकूण नोटा १९. रक्कम कितीही मोठी असो, १९ पेक्षा जास्त नोटा कधीच लागणार नाहीत, हे खात्रीने सांगता येईल का?

एडवर्ड वेअरिंग या इंग्रज गणितज्ञाने १७७० साली तसे लिहून ठेवले. सिद्धता मात्र दिली नाही. १८५९ मध्ये फ्रान्सच्या लिऊव्हिलने ५३ नोटा नक्की पुरतात, एवढे दाखवले. १९०९ मध्ये हा आकडा ३७ वर आला, १९३३ मध्ये ३५ वर, १९७१ मध्ये ३० वर आणि १९७४ मध्ये २२ वर.

एवढा वेळ का लागला? लहान रकमा मोजून तपासता येतात. प्रचंड मोठ्या रकमांसाठी हार्डी आणि लिटलवूड यांची पद्धत होती. अडचण मधल्या पट्ट्याची. १९४० मध्ये औलक या भारतीय अभ्यासकाने एका मर्यादेपलीकडे १९ पुरतात हे दाखवले; पण ती मर्यादा अशी, की तिच्यातली शून्ये लिहायला बल्लारपूरच्या कारखान्याचा सगळा कागद अपुरा पडावा. विश्वातल्या अणूंच्या अंदाजापेक्षाही ती शून्ये जास्त आहेत!

इथे मुंबईचा संबंध येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. रामचंद्र यांच्या हाताखाली आर. बालसुब्रमणियन शिकत होते. गुरुशिष्यांनी १९७८ मध्ये 'हार्डी-रामानुजन जर्नल' सुरू केले. त्यातच बालसुब्रमणियन यांनी १९७९ मध्ये २२ चे २१ केले आणि १९८५ मध्ये २१ चे २०. सहा वर्षांत एक नोट कमी! बाहेरच्या माणसाला यात काय मोठे, असे वाटेल. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, देझुइये आणि द्रेस या फ्रेंच सहकाऱ्यांसह त्यांनी १९ चा आकडा गाठला. एकावर ३६७ शून्ये असलेल्या संख्येपलीकडचा प्रदेश सिद्धांताने जिंकला आणि अलीकडचा संगणकाच्या मदतीने. वेअरिंगचे वाक्य २१६ वर्षांनी खरे ठरले.

बँकेत संध्याकाळी एका रुपयाचा फरक राहिला तरी कोणी घरी जात नाही; हिशेब जुळला किंवा नाही जुळला, एवढेच. गणिताची खातेवही वेगळी. लिऊव्हिलचे ५३ आजही बरोबर आहे आणि १९७९ चे २१ सुद्धा. नंतरच्या माणसाने त्यांच्यावर काट मारली नाही. त्यांच्या शिलकेवर त्याने आपली जमा लिहिली.

आपल्या घरांत मात्र मुलाची वही आपण शेवटच्या उत्तरावरून तपासतो. उत्तर चुकले की पानभर केलेली बरोबर मांडणीही वाया गेली, असे समजतो. दिवसभर डोके खाजवून पोराने गणित अर्ध्यापर्यंत आणले असेल, तर त्या अर्ध्याचे मोल निदान आईबापांनी तरी ओळखावे. पुढचे अर्धे तो उद्या सोडवील, नाहीतर दुसरा कोणी सोडवील. आणि त्या दुसऱ्यालाही सुरुवात करावी लागेल ती याच्याच ओळीखाली.