लिनक्सवर स्वतःचे कीबोर्ड शॉर्टकट कसे बनवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. अनेक जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या काही ओळखीच्यांना मी लिनक्सवर आणलं. त्यातलं एक डोंबिवली पूर्वेचं टायपिंगचं दुकान. तिथे दिवसभर भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं टाइप होतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं. अशा ठिकाणी माउसने फोल्डर शोधत बसणं परवडत नाही. म्हणून आपले शॉर्टकट आपणच बनवायचे.

उबुंटूमध्ये

सेटिंग्ज उघडा, कीबोर्ड निवडा आणि ‘व्ह्यू अँड कस्टमाइज शॉर्टकट्स’मध्ये जा. सगळ्यात खाली ‘कस्टम शॉर्टकट्स’ आहे. तिथे तीन गोष्टी भरायच्या: नाव, कमांड आणि कोणत्या की दाबायच्या ते. नाव मराठीत दिलं तरी चालतं. कमांड मात्र इंग्रजी लहान अक्षरांतच लिहा.

लिनक्स मिंट (सिनॅमन) मध्ये

सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स, कस्टम शॉर्टकट्स असं जा. आधी नाव आणि कमांड भरून शॉर्टकट तयार करा. मग खालच्या रिकाम्या जागेवर डबल क्लिक करून हव्या त्या की दाबा.

कमांड काय लिहायची?

फायरफॉक्स उघडायचा तर नुसतं फायरफॉक्स लिहिलं की झालं. फाइल उघडायची असेल तर आधी एक्सडीजी-ओपन, मग एक स्पेस, मग फाइलचा पूर्ण पत्ता. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल + एल दाबलं की फोल्डरचा पत्ता वर दिसतो, तो कॉपी करून पुढे फाइलचं नाव जोडा. नावात स्पेस असेल तर पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत टाका. टर्मिनलमध्ये होम फोल्डरसाठी वापरतो ते टिल्डचं चिन्ह इथे चालत नाही.

भाडेकराराचा नमुना साध्या फाइलऐवजी लिब्रेऑफिस रायटरमध्ये टेम्प्लेट म्हणून (ओटीटी) सेव्ह करा आणि शॉर्टकट त्यालाच द्या. टेम्प्लेट उघडलं की दरवेळी नवी, बिननावाची प्रत मिळते. जुन्याच करारात बदल करत गेलं तर आधीच्या भाडेकरूचं नाव किंवा आधार नंबर पुढच्याच्या कागदावर छापला जाण्याची भीती असते. टेम्प्लेटमुळे ती राहत नाही.

कोणत्या की निवडायच्या?

मराठी टाइप करणाऱ्यांनी इथे जरा विचार करावा. इन्स्क्रिप्ट चालू असताना ‘के’च्या कीवर ‘क’ येतो, त्यामुळे अक्षरांचे शॉर्टकट काही ठिकाणी दगा देतात. फंक्शन की मात्र मराठी-इंग्रजी दोन्ही मांडणींत त्याच राहतात. म्हणून मी सुपर + एफ६, सुपर + एफ७ अशा जोड्या देतो. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावी लागू शकते.

या जोड्यांना हात लावू नका:

- सुपर + स्पेस: उबुंटूत याने मराठी-इंग्रजी बदलतं.
- ऑल्ट + एफ४: चालू विंडो बंद होते.
- कंट्रोल + ऑल्ट + फंक्शन की: पूर्ण स्क्रीन काळी होऊन फक्त अक्षरं दिसतात. चुकून दाबलं तर घाबरू नका, काम जात नाही. सहसा उबुंटूत कंट्रोल + ऑल्ट + एफ२ आणि मिंटमध्ये कंट्रोल + ऑल्ट + एफ७ दाबलं की परत येता येतं.

निवडलेली जोडी आधीच वापरात असेल तर उबुंटू तसं सांगतो. तेव्हा ‘रिप्लेस’ करण्याआधी जुनं काम काय होतं ते वाचा. नको असलेला शॉर्टकट काढायचा तर त्यावर क्लिक करून बॅकस्पेस दाबा.

सुरुवातीला तीनच शॉर्टकट करा आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. ते हाताला बसले की चौथा जोडा.