सैनिकाचे घर कोणत्या राज्यात?

आपल्याकडे प्राप्तिकर हा केंद्राचा विषय असल्याने साताऱ्याचा जवान अंबाल्यास गेला आणि त्याचे कुटुंब गावीच राहिले, तरी त्या ताटातुटीमुळे कोणाच्या प्राप्तिकरात फरक पडत नाही. अमेरिकेत मात्र केंद्राप्रमाणेच बहुतेक राज्येही हा कर आकारतात. टेक्सास, फ्लोरिडा यांसारखी काही राज्ये वेतनावर तो घेत नाहीत. कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया घेतात. त्यामुळे दर काही वर्षांनी बदली होणाऱ्या सैनिकाचे घर कोणत्या राज्यात मानावयाचे, हा प्रश्न तेथे थेट खिशाशी निगडित असतो.

सैनिकापुरते त्याचे उत्तर १९४२ मध्येच मिळाले. केवळ लष्करी आदेशामुळे एखाद्या राज्यात राहावे लागले म्हणून करासाठी सैनिकाचा मूळ अधिवास बदलत नाही, हे तत्त्व त्या वर्षी कायद्यात आले. डेन्व्हरमध्ये नेमणुकीवर असलेल्या लुइझियानाच्या एका हवाईदल अधिकाऱ्याच्या घरातील सामानावर तेथे कर बसविण्यात आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये अधिकाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या इच्छेने न आलेल्या पाहुण्याला यजमानाने बिल देऊ नये, असा याचा साधा अर्थ.

पण या पाहुण्याबरोबर येणाऱ्या पत्नीला अथवा पतीला हे संरक्षण मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. पुढे २०१८ च्या कायद्याने जोडीदाराला सैनिकाचाच अधिवास निवडण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने तर दोघांपुढे तीन पर्याय ठेवले : सैनिकाचा अधिवास, जोडीदाराचा अधिवास किंवा कायम नेमणुकीचे ठिकाण. वरकरणी प्रश्न येथे संपावयास हवा होता.

तो संपला नाही, याचे कारण ‘केवळ’ हा एक शब्द. जोडीदाराच्या कमाईला सूट मिळते ती तो त्या राज्यात केवळ सैनिकाच्या सोबतीसाठी राहत असेल तर. टेक्सासचा अधिवास असलेले एक नौदल दांपत्य नॉरफोक येथे राहते आणि पत्नी तेथील शाळेत शिकविते, असे समजू. तोवर तिच्या वेतनाला व्हर्जिनियाचा कर लागत नाही. पतीची बदली सॅन डिएगोला होते. मुलाचे शालान्त वर्ष आहे, म्हणून ती मागे राहते. आता ती कोणाच्या सोबतीसाठी तेथे आहे? घर, नोकरी, शाळा, काहीही बदललेले नसताना तिच्या वेतनावर हक्क सांगण्यास राज्याला वाट मोकळी होते. संसार दोन ठिकाणी विभागला गेल्याने खर्च वाढतो, नेमक्या त्याच वेळी कायद्याची छत्री मिटते.

ती राज्याचे रस्ते वापरते, मुलगा राज्याच्या शाळेत शिकतो, मग कर का नको, असे राज्ये विचारतील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु रस्ते सैनिकही वापरीत होता. तरीही त्याच्याबाबत तो मान्य झाला नाही. शाळांविषयी म्हणावयाचे, तर लष्करी तळांमुळे पडणाऱ्या बोजाबद्दल संघ सरकार १९५० पासून स्थानिक शाळांना अनुदान देत आले आहे. ती स्वेच्छेने मागे राहिली, हे म्हणणेही अर्धसत्यच होय. बदलीचा दिवस तिने ठरविला नव्हता. ठरविले ते एवढेच की, मुलाचे वर्ष वाया जाऊ द्यावयाचे नाही.

उपाय अवघड नाही. लष्करी आदेशाने ज्या राज्यात कुटुंब आले, तेथे ते सैनिकाच्या पुढील बदलीनंतर निदान ठरावीक मुदतीपर्यंत राहिले, तरी सूट कायम राहावी, अशी दुरुस्ती अमेरिकन काँग्रेसला करता येईल. सैनिकाला कोठे पाठवावयाचे, हे राष्ट्र ठरविते. त्या निर्णयाने घराचे दोन तुकडे होणार असतील, तर मागे राहिलेल्या तुकड्याला परका ठरवून त्याच्याकडून वसुली करणे न्यायाला धरून नाही.