इंजिनाच्या पोटातला चुना



गहू ओंबीवर आला आहे, विहिरीत पाणी आहे, टाकीत तेल आहे; आणि तासभर चालून इंजिन धापा टाकू लागते. हेडजवळ हात नेववत नाही. "आता हे म्हातारं झालं," असे म्हणून आपण त्याला भंगारात काढायच्या गोष्टी करू लागतो. थोडे थांबा. पुष्कळदा दोष वयाचा नसतो, पाण्याच्या वाटेचा असतो.

साखरखेर्डा, मेहकर, लोणार या बाजूला विहिरींवर विजेचे पंप आले, तरी वीज नसेल त्या वेळेसाठी जुने तेलाचे इंजिन कुणाकुणाच्या खोपटात अजून असतेच. पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि पुढे अशी इंजिने खेडोपाडी पोचली. जाड बिडाची ही जुनी घडण नीट वागवली तर लवकर हार जात नाही.

या इंजिनात सिलिंडरभोवती एक पोकळी असते. पंपाच्या नळातून एक बारीक फाटा काढून पाणी तिच्यात खालून सोडतात. ते उष्णता घेऊन वर हेडमधून बाहेर पडते. आता गावाचे नाव साखरखेर्डा असले तरी विहिरीच्या पाण्यात साखर नसते, चुना असतो. आपल्या काळ्या रानात पांढरे चुनखडीचे खडे सापडतात ना, त्याच जातीचा. पावसाचे पाणी मातीतला कर्बवायू घेते आणि वाटेत चुना विरघळवते. तेच पाणी तापले की वायू निघून जातो आणि चुना खाली बसतो. (लोणारच्या सरोवराचे पाणी खारे आहे, ती गोष्ट वेगळी.)

गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. पाणी तापवायच्या जुन्या भांड्याच्या तळाचे पांढरे पुट खरवडून त्यावर पिळा, तसेच बुडबुडे. इंजिनाच्या पोटात हेच पुट बसलेले असते.

थोडा हिशेब करू. समजा, एका लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम चुना आहे आणि पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनातून तासाला शंभर लिटर पाणी जाते. आठ तासांत जवळजवळ पाव किलो चुना त्याच्या पोटातून गेला! त्यातला थोडाच आत राहतो, पण रोज थोडा. चुन्याच्या थरातून उष्णता बिडाच्या मानाने फार कमी जाते, म्हणून पाणी नेहमीसारखे वाहत असूनही धातू तापतच राहतो. यासाठी नुसती धार पाहून समाधान मानू नका. धार बारीक झाली असेल तर बहुधा गाळ अडकला आहे; धार भरपूर आणि तरी हेड भाजते, तर चुन्याचा संशय घ्यावा. ज्यांच्या इंजिनाला टाकीचे फिरते पाणी आहे त्यांना हा त्रास कमी, कारण तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. टाकीत पावसाचे पाणी भरले तर फारच उत्तम.

साफ करताना पहिली गोष्ट: इंजिन पुरते गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी सोडले की बीड तडकते, आणि तडकलेले हेड म्हणजे हंगाम गेला. मग पंपाकडची नळी सोडवा, खालचा बूच काढा. गाळ सगळ्यांत आधी तळाशीच साठतो. तो तारेने मोकळा करा आणि वरून, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, पाणी सोडा. बाजूला झाकण असेल तर ते उघडून लाकडाच्या चिपेने खरवडा. छिन्नी-हातोडा नको. चुना ठोकून काढायचा नसतो, विरघळवायचा असतो.

त्यासाठी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व पुरते. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो विरघळवा, खालची तोंडे बंद करून वरून नरसाळ्याने भरा. वरचे तोंड उघडेच ठेवा. वायू कोंडता कामा नये. फसफस थांबली की काढून टाका आणि चुना फार असेल तर पुन्हा भरा, पण रात्रभर ठेवू नका. काहीजण संडास धुण्याचे ॲसिड ओततात. काम झटपट होते खरे, पण ते चुन्याबरोबर बीडही खाते, आणि त्याची वाफ छातीत जाते. मी ते सुचवणार नाही. कोकणात होडीच्या मागे टांगतात त्या यंत्राचे अंग ॲल्युमिनियमचे. त्याला तर ते ॲसिड लावूच नये.

शेवटी दहा लिटर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून आत फिरवा आणि साध्या पाण्याने खळखळून धुवा. हे पाणी विहिरीपासून दूर ओता.

अजून एक. जुन्या इंजिनात कधीकधी चुन्यानेच एखादी बारीक चीर बुजवलेली असते. ती मोकळी झाली की पाणी तेलात उतरते. म्हणून पोकळी पाण्याने भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाचे तेल काढून पाहा. आधी पाणी निघाले, किंवा तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर इंजिन सुरू करू नका, मेस्त्रीला बोलवा. तेल ठीक असेल तर दहा मिनिटे बिनओझ्याचे चालवा आणि कॉक असा ठेवा की बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात क्षणभर धरवेल. फार गार नको, चटका बसेल इतके गरमही नको.