लवकर पोहोचलात तरी गुण कापणार! मोटरसायकलची ‘रिलायबिलिटी ट्रायल’ काय होती?

शर्यतीत पहिला पोहोचतो तो जिंकतो. पण साधारण १२० वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये रुजलेल्या एका स्पर्धेत वेळेआधी पोहोचणाऱ्याचेही गुण कापले जायचे. तिचं नाव ‘रिलायबिलिटी ट्रायल’, म्हणजेच गाडीच्या भरवशाची परीक्षा.

गरज का पडली?

तेव्हाच्या बहुतेक मोटरसायकलींना ना क्लच होता, ना गिअर. मागचं चाक बेल्टवर फिरायचं आणि पावसात तो बेल्ट घसरायचा. इंजिनला ऑइल पुरवायला चालवणाऱ्यालाच अधूनमधून हातपंप मारावा लागे. चढ आला की पेडल मारा, नाहीतर उतरून ढकला. त्यामुळे ‘गाडी किती पळते?’ यापेक्षा ‘घरी परत आणेल का?’ हा प्रश्न मोठा होता. शिवाय १९०४ पासून ब्रिटनमध्ये ताशी २० मैलांची (सुमारे ३२ किमी) वेगमर्यादा होती. त्यामुळे रस्त्यावर उघड शर्यत लावणं शक्यच नव्हतं.

नियम काय होते?

ठरलेला मार्ग, ठरलेला सरासरी वेग आणि वाटेत वेळ तपासणारी ठाणी. अवघड चढ न थांबता पार करायचा. थांबलात की गुण गेले.

१९०४ मध्ये ‘मोटर सायकलिंग क्लब’ने लंडन ते एडिंबरा ही सुमारे ४०० मैलांची (६४० किमी) ट्रायल घेतली. मुदत होती २४ तास, म्हणजे कार्बाइडच्या दिव्यावर रात्रभर प्रवास! १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइलला आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल झाली. ती स्पर्धा ‘एन्ड्युरो’ नावाने आजही होते. गाडी बिघडली तर चालवणाऱ्यानेच दुरुस्त करायची, हा तिचा महत्त्वाचा नियम.

यातून काय मिळालं?

गाड्या कुठे दम टाकतात, हे सगळ्यांसमोर दिसू लागलं. चढांवर अडणाऱ्या गाड्यांमुळे कंपन्यांना गिअर आणि क्लचकडे वळावं लागलं. पुढे बेल्टची जागा चेनने घेतली.

खरी कसोटी लागली पहिल्या महायुद्धात. आघाडीवर निरोप पोहोचवणाऱ्या सैनिकाची गाडी वाटेत बंद पडली, तर आदेशही तिथेच अडकणार. १९१५ मध्ये आलेली, तीन गिअरची ‘ट्रायम्फ मॉडेल एच’ या कामी आली. अशा सुमारे ३०,००० गाड्या सैन्याला दिल्या गेल्या. सैनिकांनी तिला नाव दिलं ‘ट्रस्टी’, म्हणजे भरवशाची.

आज भारतात होणाऱ्या ‘टीएसडी’ रॅलीतही हेच तत्त्व आहे. उशीर झाला तर दंड, आणि घाई केली तरीही दंडच.