हिलटॉप पार्क : काचेवर उरलेले मैदान

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात, ब्रॉडवेलगत १६५व्या आणि १६८व्या रस्त्यांच्या दरम्यान असलेले 'हिलटॉप पार्क' हे बेसबॉलचे मैदान १९०३ ते १९१२ असे उणेपुरे दहा हंगाम वापरात होते. आज ते पाहायचे झाल्यास जुन्या छायाचित्रांकडेच वळावे लागते. कारण १९१४ साली त्याची लाकडी प्रेक्षागृहे उतरवण्यात आली आणि १९२८ साली त्या जागी कोलंबिया-प्रेसबिटेरियन हे विस्तीर्ण रुग्णालय सुरू झाले.

मैदानाचा अधिकृत इतिहास चार ओळींत संपतो. पुढे 'यांकीज' म्हणून जगप्रसिद्ध झालेला, तेव्हा 'हायलँडर्स' या नावाने ओळखला जाणारा संघ न्यूयॉर्कात आला, तेव्हा त्याला हक्काची जागा नव्हती. म्हणून उंचवट्यावरचा खडक सुरुंगांनी फोडून सुमारे सहा आठवड्यांत मैदान तयार करण्यात आले आणि ३० एप्रिल १९०३ रोजी तेथे पहिला सामना झाला. आसने सुमारे सोळा हजार होती, बांधकाम सारे लाकडाचे होते, आणि घाई इतकी की सुरुवातीला मैदानाच्या उजव्या अंगाला चक्क दलदलीचा खड्डा होता. १९१३ साली संघ 'पोलो ग्राउंड्स'वर गेला आणि हिलटॉप ओस पडले.

छायाचित्रे मात्र या चार ओळींपेक्षा पुष्कळ अधिक सांगतात. बेन या वृत्तसंस्थेच्या, आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असलेल्या काचेच्या निगेटिव्हांत लाकडी खांब, टोप्या घातलेल्या पुरुषांच्या रांगा आणि कुंपणावरच्या जाहिराती स्वच्छ दिसतात, तरी या मैदानाचा खरा चित्रकार म्हणावा असा माणूस छायाचित्रणाच्या व्यवसायातला नव्हताच. चार्ल्स कॉनलन (१८६८–१९४५) हा 'न्यूयॉर्क टेलिग्राम' या दैनिकात मुद्रितशोधक होता. दिवसभर इतरांच्या चुका हुडकणाऱ्या या गृहस्थाने १९०४च्या सुमारास हौस म्हणून खेळाडूंची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली आणि पुढे जवळपास चार दशके तो ती घेत राहिला. उतावीळपणा न करता एकेका चेहऱ्यावर नजर रोखून धरण्याची त्याची सवय मुद्रितशोधनाच्या मेजावरूनच आली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच्या हातातील 'ग्राफ्लेक्स' कॅमेरा हे आजच्या दृष्टीने बोजड आणि हट्टी यंत्र होते. ते छातीशी धरून वरच्या चामडी नळकांड्यात डोके घालून खाली पाहावे लागे. आत तिरप्या आरशावरून परावर्तित झालेले दृश्य धूसर काचेवर उमटे, पण ते डावे-उजवे उलटे असे, म्हणजे डावीकडून धावत येणारा खेळाडू काचेवर उजवीकडून येताना दिसे. कळ दाबताच आरसा वर उचलला जाई, फटीचा कापडी पडदा काचपट्टीसमोरून सर्रकन जाई, आणि त्या पट्टीवर एकच चित्र उमटे. पट्टी न बदलता पुन्हा कळ दाबली, तर दुसरे चित्र पहिल्यावरच चढून दोन्ही वाया जात.

हा तपशील १९१० सालच्या एका चित्राबाबत निर्णायक ठरला. डेट्रॉइटचा टाय कॉब दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावकाने क्रमाने गाठायच्या टप्प्यांपैकी दुसऱ्यावर होता, आणि फलंदाज 'बंट' करू पाहत होता. बंट म्हणजे चेंडू टोलवण्याऐवजी बॅट नुसती पुढे धरून तो जवळच पाडणे. त्या अपेक्षेने हायलँडर्सचा जिमी ऑस्टिन तिसऱ्या बेसवरून पुढे सरकला आणि कॉबने तेवढ्यात धाव घेतली. कॉब घसरत आला, मातीचा लोट उडाला, ऑस्टिनचा तोल गेला. त्या काळी छायाचित्रकारांना मैदानात उभे राहू देत असल्याने कॉनलन काही पावलांवरच होता. मित्र असलेल्या ऑस्टिनला खिळ्यांच्या बुटांनी इजा झाली असेल, या धास्तीत चित्र निसटले असे त्याला वाटले, तरी खात्रीसाठी म्हणून त्याने पट्टी बदलली. पट्टी धुतल्यावर कॉबचे ताणलेले जबडे आणि उडालेली माती जशीच्या तशी निघाली. बेसबॉलचे सर्वांत गाजलेले छायाचित्र ते हेच. त्यावर बराच काळ १९०९ हे साल छापले जात असे, ही मुद्रितशोधकाच्या चित्राच्या वाट्याला आलेली गमतीदार चूक.

हिलटॉप पार्कच्या अभ्यासकाची अडचण नेमकी याच चित्रात आहे. मोठ्या काचपट्टीवर आणि उघड्या भिंगाने घेतलेल्या चित्रात जवळची वस्तू लख्ख येते आणि मागचे सारे विरघळते. त्यामुळे ज्या जमिनीवर हा प्रसंग घडला ते मैदान चित्रात आहे आणि नाहीही. कॉनलनच्या असंख्य व्यक्तिचित्रांतही प्रेक्षागृहाचे खांब खेळाडूच्या कानामागे पुसट रेघांसारखे उरतात. त्यात बेसबॉलच्या वार्षिक पुस्तिका छापणारे चेहऱ्याभोवती कात्री चालवीत, म्हणजे जे थोडे मैदान आले होते तेही छाटले जाई. १९९३ साली नील आणि कॉन्स्टन्स मॅककेब यांनी मूळ निगेटिव्हांवरून छापे काढून कॉनलनचे पुस्तक सिद्ध केले, तेव्हा कोठे या पट्ट्यांतील सूक्ष्म तपशिलाचे मोल सर्वसाधारण वाचकाला कळले. पण काच फुटते, तिच्यावरचा जिलेटिनचा थर कडेपासून पापुद्र्यासारखा सुटतो, आणि संग्रहाला मालक असतोच; कॉनलनच्या सात-आठ हजार निगेटिव्ह २०१६ साली लिलावात सुमारे १७ लाख ९० हजार डॉलरना विकल्या गेल्या. बेनच्या पट्ट्या सार्वजनिक ग्रंथालयात असल्याने कोणालाही पाहता येतात, या पट्ट्यांना तशी हमी नाही, आणि एखाद्या मैदानाची स्मृती खरेदीदाराच्या मर्जीवर असावी हे बरे नव्हे.

प्रत्यक्ष जागेवर, रुग्णालयाच्या बागेत, जेथे फलंदाज उभा राही त्या होम प्लेटच्या ठिकाणी १९९३ साली तिच्याच पंचकोनी आकाराचा फलक जमिनीत बसवण्यात आला आहे.