चिंतामणरावांचा राजीनामा

चिंतामणराव देशमुख मराठी माणसाच्या मनात राहिले ते एका राजीनाम्यामुळे. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून जुलै १९५६ मध्ये त्यांनी दिल्लीतले अर्थमंत्रिपद सोडले आणि महाराष्ट्राने त्यांना कंठमणी म्हणून डोक्यावर घेतले. हा गौरव खोटा नाही, पण त्यात अर्धेच देशमुख दिसतात. त्या राजीनाम्यामागे मुंबईचे प्रेम जितके होते, तितकीच तीन दशकांच्या सरकारी नोकरीत अंगी मुरलेली एक शिस्तही होती: निर्णय कोणी, कुठे आणि कोणाशी बोलून घ्यायचा, याची शिस्त. माझ्या मते ती लक्षात घेतल्याशिवाय या माणसाची थोरवी पुरती कळत नाही.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात महसूल व वित्त खात्यांत वर्षानुवर्षे फायली हाताळल्यावर ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या काळातली नोट हातात घेतली तर तिच्यावर मुकुटधारी सहाव्या जॉर्जचे चित्र दिसते आणि सही दिसते ती तेव्हाच्या कोलाबा जिल्ह्यातल्या या मराठी माणसाची. इथेच आक्षेप येतो. देश ‘चले जाव’च्या आंदोलनात तुरुंगात असताना हा अधिकारी राजाच्या नावाने चलन काढत होता आणि १९४४ मध्ये त्याने ‘सर’ हा किताबही घेतला, मग त्याचा कसला गौरव? आक्षेप वजनदार आहे आणि किताबाचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. पण सत्तांतराच्या वेळी चलन, कर्जरोखे आणि बँकांचे व्यवहार कोसळू न देता चालवणारे कोणीतरी लागतेच. फाळणीनंतर जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. तिच्याच नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ असे इंग्रजीत आणि उर्दूत छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. एकमेकांचे रक्त सांडलेल्या दोन देशांत त्या महिन्यांत बाजारहाट, पगार आणि उधारी चालू राहिली, यात बँकेच्या कारभाराचा वाटा मोठा होता. असे काम घोषणांनी होत नाही.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. पहिली पंचवार्षिक योजना, इंपीरियल बँकेतून १ जुलै १९५५ रोजी उभी राहिलेली स्टेट बँक, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, ही त्यांच्याच कारकिर्दीतली कामे. विम्याचा निर्णय मात्र माझ्या म्हणण्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवता येईल. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला, देशमुखांनी आकाशवाणीवरून तो जाहीर केला आणि तोवर कंपन्यांना पत्ता नव्हता. रीतिभातीचा आग्रह धरणाऱ्याने हे कसे केले? फरक असा, की आधी बोभाटा झाला असता तर विमेदारांचा पैसा इकडचा तिकडे झाला असता. ती गुप्तता लोकांच्या ठेवीसाठी होती आणि पुढे त्या वटहुकमाची जागा संसदेने संमत केलेल्या कायद्याने घेतली.

मुंबईच्या बाबतीत त्यांना ना असे कारण दिसले, ना अशी रीतसर संमती. जून १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबईतच जाहीर केले, की शहर पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील. लोकसभेतल्या निवेदनात देशमुखांचा रोख होता तो यावर: इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चेला न आणता जाहीर झाला, आणि मुंबईतल्या आंदोलकांवरील पोलीस गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. धोरण सांगण्याचा अधिकार पंतप्रधानाला असतो, असे नेहरूंचे म्हणणे होते. केंद्राच्या अर्थमंत्र्याने प्रांताची बाजू घेतली, अशीही टीका झाली. ते कोलाब्यातून निवडून आले होते, मतदारांची व्यथा ही त्यांचीही व्यथा होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. परंतु केवळ प्रांताभिमान असता, तर मंत्रिमंडळाच्या कार्यपद्धतीवर एवढा भर देण्याचे कारण नव्हते. मुंबईची बाजू घ्यायला भावना पुरली असती. अधिकाराच्या मर्यादेवर बोट ठेवायला मात्र आयुष्यभर फायली नीट वाचलेला माणूस हवा होता, आणि त्याच्या त्या निवेदनापुढे दिल्लीचे सिंहासनही अवघडले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पद गेल्यावरही सवय गेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, म्हणजे ज्या १९५९ साली शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला त्याच सुमारास, वरिष्ठांच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकायला सरकारबाहेरचे स्वतंत्र न्यायमंडळ नेमा, अशी जाहीर मागणी त्यांनी केली. नेहरूंनी ती मानली नाही. भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग स्थापन व्हायला १९६४ साल उजाडले, आणि तोही देशमुखांनी मागितलेल्या न्यायमंडळाइतका मोकळा नव्हता.