कोयता, किशोर आणि कायदा : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

किशोरवयीन व तरुण मुलांच्या हातून सुरा, तलवार किंवा कोयता यांनी घडणाऱ्या गुन्ह्यांविषयी महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत तीव्र लोकक्षोभ प्रकट झाला आहे. पोलीस वेळेवर पोचत नाहीत, पकडलेली मुले चार दिवसांत सुटतात आणि न्यायालये पुरेशी शिक्षा देत नाहीत, अशा तीन तक्रारी त्यात प्रामुख्याने आढळतात. या तक्रारींत सत्यांश आहे. परंतु त्यांवरून वयोमर्यादा खाली आणावी व शिक्षा वाढवाव्यात असा जो निष्कर्ष काढला जातो, तो तितकासा सरळ नाही. प्रस्तुत लेखात कायद्याची यंत्रणा विशद करून, या क्षोभाची मुळे तिच्या कोणत्या भागात आहेत, हे जालना जिल्ह्याच्या संदर्भात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. अवजार आणि शस्त्र

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या कोरडवाहू भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो आणि हिशेब मांडला जातो तो कोयत्यावर. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा मजूर म्हणजे अर्धा. 'कोयता' आणि 'टोळी' हे दोन्ही शब्द या भागात श्रमव्यवहाराचे आहेत.

पुण्यात हेच शब्द निराळ्या अर्थाने रूढ झाले. २०२२ च्या अखेरीस हातात कोयते घेऊन वाहने फोडणाऱ्या व लोकांना धमकावणाऱ्या मुलांच्या टोळक्यांना 'कोयता गँग' हे नाव पडले. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणाने एका तरुणीवर कोयता उगारला; रस्त्यावरील तरुणांनी पुढे होऊन तिचा जीव वाचविला. या घटनेने सर्व राज्य हादरले, आणि कोयत्याला आळा घाला ही मागणी सार्वत्रिक झाली.

कायद्याची पहिली अडचण येथेच उद्भवते. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'शस्त्र' या संज्ञेच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. नियमांतील वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा समावेश होतो. पण तेथेही घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक वापराच्या वस्तूंना अपवाद केला आहे. पोलीस ज्याला '४/२५' म्हणतात त्या कलमांखाली अवैध शस्त्र बाळगल्याबद्दल एक ते तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मात्र पकडलेला कोयता उसाचा की भांडणाचा, हा प्रश्न बचावपक्ष उपस्थित करणारच. त्याचे उत्तर वस्तूच्या आकारात सापडत नाही. ती वस्तू कोणाजवळ, कोठे, कोणत्या वेळी आणि कोणत्या हेतूने होती, यावरून ते मिळवावे लागते. म्हणजेच पंचनामा व साक्षी यांच्या गुणवत्तेवर खटला उभा राहतो किंवा कोसळतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ या दृष्टीने अधिक व्यापक आहे. त्याखाली काढलेल्या आदेशाच्या मुदतीत शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास बंदी घालता येते आणि कलम १३५ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास देता येतो. पण हाच आदेश सणासुदीच्या दिवसांत लागू असताना दुचाकीला कोयता अडकवून फडाकडे निघालेला मजूरही त्याच्या कक्षेत येऊ शकतो. २०२३ च्या आरंभी पुण्यात कोयत्याच्या खरेदीदारांची ओळख पाहून नोंद ठेवण्याचा उपाय पुढे आला. शहरातील दुकानात तो कदाचित चालेल. ज्या जिल्ह्यात आठवडी बाजारात भाता लावून घिसाडी पाते घडवून देतो, तेथे अशी नोंदवही कोण ठेवणार? अवजारावर नियंत्रण आणणे जालन्यात श्रमजीवी कुटुंबांना जाचक होईल आणि गुन्हेगाराला फारसे अडविणार नाही.

२. वय आणि वर्गवारी

दुसरी अडचण वयाची. १९८६ च्या बालन्याय अधिनियमात मुलग्यांसाठी १६ वर्षांची मर्यादा होती. २००० च्या अधिनियमाने ती १८ केली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अत्याचाराच्या प्रकरणातील एक आरोपी अल्पवयीन निघाला, आणि त्यातून उसळलेल्या लोकभावनेच्या पार्श्वभूमीवर २०१५ चा अधिनियम आला. या अधिनियमाने गुन्ह्यांचे क्षुल्लक, गंभीर आणि निर्घृण असे तीन वर्ग केले. सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तरच बालन्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्यासाठी प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवू शकते. अन्य प्रकरणांत विशेष गृहात ठेवण्याची कमाल मुदत तीन वर्षे आहे.

निर्घृण गुन्हा म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक आहे असा गुन्हा. 'किमान' हा शब्द येथे निर्णायक आहे. खुनाची किमान शिक्षा जन्मठेप असल्यामुळे तो निर्घृण वर्गात मोडतो. खुनाच्या प्रयत्नाला मात्र, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ अन्वये, दहा वर्षांपर्यंत आणि इजा झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली असली, तरी सर्वसाधारण प्रकरणी किमान शिक्षा सांगितलेली नाही. अशा गुन्ह्यांना निर्घृण मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२० रोजी शिल्पा मित्तल प्रकरणात ठरविले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने संसदेने ते गंभीर वर्गात घातले.

परिणाम असा की, सतरा वर्षांच्या मुलाने मानेवर केलेला एकच वार, जखमी मनुष्य दगावला तर निर्घृण ठरतो आणि शस्त्रक्रियेने वाचला तर गंभीर. मुलाचा हेतू तोच, हत्यार तेच. फरक पडतो तो रुग्णवाहिका किती लवकर आली यामुळे. हात कायमचा निकामी झालेल्या तरुणाच्या कुटुंबाला ही वर्गवारी अन्यायाची वाटली, तर त्यात नवल नाही. परंतु ही कोणा मंडळाची शिथिलता नसून संसदेचा विचारपूर्वक केलेला निर्णय आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. किमान शिक्षा सांगितलेली नसणे याचा अर्थ त्या गुन्ह्याच्या तीव्रतेच्या अनेक पायऱ्या असू शकतात असा होतो. अशा गुन्ह्यात मुलाला प्रौढांच्या न्यायासनासमोर उभे करू नये, अशी त्यामागील भूमिका आहे. तिच्याशी मतभेद असल्यास वाद संसदेच्या पातळीवर झाला पाहिजे. जालन्याच्या ठाणेदाराला किंवा मंडळाला त्याबद्दल दोष देणे अप्रस्तुत होय.

३. मौन आणि विलंब

लोकक्षोभाचे सर्वांत मोठे कारण मात्र याहून निराळे आहे. बालन्यायाची प्रक्रिया जाणूनबुजून पडद्याआड ठेवली आहे. कलम ७४ अन्वये मुलाची ओळख प्रकट करण्यास मनाई आहे. प्रौढ आरोपी सोबत नसतील आणि गुन्हा निर्घृण नसेल, तर आदर्श नियमांप्रमाणे प्रथम माहिती अहवालाऐवजी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार केला जातो. फिर्यादीच्या दृष्टीने याचा अर्थ 'गुन्हाच दाखल झाला नाही' असा होतो. कलम १२ प्रमाणे गुन्हा अजामीनपात्र असला, तरी मुलाला सामान्यतः जामिनावर सोडावे लागते. ज्ञात गुन्हेगारांची संगत, मुलाला धोका किंवा न्यायाचा हेतू विफल होणे, यांपैकी एखादे सबळ कारण असेल तरच जामीन नाकारता येतो. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या मोटार अपघाताच्या प्रकरणात अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाल्यावर जो संताप उसळला, त्याचे एक मूळ जामिनाच्या या तत्त्वाच्या अपरिचयात होते, आणि दुसरे अटीच्या विचित्रपणात.

वस्तुतः अधिनियमाने जामिनानंतरच्या कामाला कालमर्यादा घालून दिल्या आहेत. चोवीस तासांत मुलाला मंडळापुढे हजर करावे, परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक अन्वेषण अहवाल द्यावा, चार महिन्यांत चौकशी संपवावी आणि आवश्यक तर आणखी दोन महिने घ्यावेत, असा तो क्रम आहे. मुदतवाढीनंतरही क्षुल्लक गुन्ह्याची चौकशी अपुरी राहिली, तर ती आपोआप समाप्त होते. या मुदती पाळल्या गेल्या, तर मुलाला आपल्या कृत्याचा परिणाम वर्ष उलटण्याआधी भोगावा लागेल. त्या लांबल्या, तर सतराव्या वर्षी वार करणारा मुलगा अंतिम आदेशाच्या वेळी वीस वर्षांचा झालेला असतो आणि त्या आदेशाला सुधारणेचा अर्थ उरत नाही. बेकारियाने १७६४ मध्ये मांडलेले तत्त्व, की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती व तत्परता अधिक परिणामकारक असते, येथे अक्षरशः लागू पडते.

४. पोलिसी उपायांची मर्यादा

यंत्रणेचे कार्य दिसत नसल्यामुळे लोक दिसणाऱ्या उपायांकडे वळतात. आरोपींची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली की टाळ्या पडतात. या धिंडीला कायद्यात कोठेही आधार नाही. मुलगा अल्पवयीन असेल तर ती कलम ७४ चा भंगच ठरते, आणि काही मुलांच्या दृष्टीने तीच प्रसिद्धी होते. तडीपारीचा आदेश जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. तरुणाला जिल्ह्याबाहेर काढल्याने त्याचे काम सुटते, टोळीशी असलेला संबंध सुटेलच असे नाही. १९८१ च्या धोकादायक व्यक्तींविषयीच्या अधिनियमाखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता करता येते, पण तो प्रतिबंध आहे. सिद्ध गुन्ह्याची शिक्षा नव्हे.

याउलट, उपलब्ध असूनही चर्चेत क्वचितच येणारी एक तरतूद आहे. मुलाकडून गुन्हा करविणाऱ्या प्रौढाला न्याय संहितेच्या कलम ९५ अन्वये तीन ते दहा वर्षे कारावास आहे, आणि तो गुन्हा घडल्यास त्या गुन्ह्याची शिक्षाही त्याला भोगावी लागते. बालन्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्येही मुलांचा बेकायदेशीर कामांसाठी वापर करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्त कारावास सांगितला आहे. कायदा मुलाविषयी सौम्य आहे म्हणून त्याच्या हाती कोयता देणारा 'भाई' निर्धास्त असतो. त्याच्यापर्यंत तपास पोचला, तर वयोमर्यादा न बदलताही भीती योग्य ठिकाणी निर्माण होईल.

५. अभ्यासाची दिशा

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे २००५ साली पोलिसांनी हिंसा-निवारणाचा स्वतंत्र विभाग स्थापून सुराहल्ल्यांकडे आरोग्याचा प्रश्न म्हणूनही पाहिले. शिक्षेच्या जोडीला शाळा, रुग्णालये व रोजगार यांना कामाला लावले. वेल्समधील कार्डिफ येथे रुग्णालयात आलेल्या जखमींकडून हल्ल्याचे ठिकाण, वेळ व हत्यार यांची निनावी माहिती घेऊन ती पोलिसांना देण्याची पद्धत सुरू झाली, कारण अनेक हल्ले ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात बालकांविरुद्ध २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली, व पकडलेल्यांत सोळा ते अठरा वयाची मुले तीनचतुर्थांशांहून अधिक होती. या आकड्यांवरून जालन्यातील एखाद्या चौकात काय घडते ते उमगत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय-न्यायिक नोंदींवरून वार कोठे व केव्हा होतात हे पाहावे लागेल. मंडळासमोरील प्रकरणांच्या तारखांवरून, मुलांची नावे वगळून, विलंब कोणत्या टप्प्यावर होतो हे मोजावे लागेल. आणि कोयता मुलाच्या हाती कोणी दिला, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारावा लागेल. मुदती पाळल्या जात आहेत किंवा नाहीत, याचा नावांविना प्रसिद्ध होणारा वार्षिक हिशेब लोकांपुढे आला, तर मुलाची गोपनीयता राखूनही न्याय दिसू लागेल. जखमी तरुणाच्या कुटुंबाला आपल्या प्रकरणाची पुढची तारीख कोणीतरी आपणहून कळविणे, ही त्या हिशेबाची पहिली ओळ असावी.